वेल्सच्या डोंगरांत सुट्टी : एका खोऱ्यात मुक्काम

आपली मंडळी वेल्सला सुट्टीसाठी निघाली की बेत बहुधा ठरलेला असतो. शनिवारी स्नोडन, रविवारी एखादा किल्ला आणि धबधबा, आणि अंधार पडायच्या आत मोटार परतीच्या रस्त्याला. १०८५ मीटर उंचीचे ते शिखर सुंदर आहे यात शंका नाही. लानबेरिसहून १८९६ पासून दातेरी रुळांवरून वर चढणारी आगगाडीही गमतीची आहे. परंतु उन्हाळ्यातील सुट्टीच्या दिवशी शिखरावरच्या दगडी चौथऱ्याला हात लावण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते, आणि रांगेत उभे राहण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण मला दिसत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की मध्य वेल्समधील रेयडर या लहानशा गावी मुक्काम टाकावा आणि सुट्टीचे बहुतेक दिवस शेजारच्या एलान खोऱ्यालाच द्यावेत.

या खोऱ्यातील तलाव निसर्गाने केलेले नाहीत, ते धरणे बांधून केलेले आहेत. बर्मिंगहॅम शहराला स्वच्छ पाणी हवे होते. त्यासाठी १८९२ मध्ये संसदेने कायदा केला, पुढच्याच वर्षी काम सुरू झाले आणि १९०४ मध्ये राजा सातवा एडवर्ड याच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. येथून बर्मिंगहॅमपर्यंतचे सुमारे ११७ किलोमीटरचे अंतर पाणी कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर कापते, आणि तो एकूण उतार अवघा ५२ मीटरचा आहे. ही करामत जेथून सुरू होते तो फोएल मनोरा तलावाच्या काठावर आहे. गोल, दगडी आणि माथ्यावर तांब्याचा हिरवट घुमट असलेली ही इमारत लांबून एखाद्या समाधीसारखी वाटते, पण आत पाणी सोडण्याच्या झडपा आहेत. जवळच कमानींचा एक पूल आहे आणि त्याच्या खाली, पाण्यात बुडालेले, आणखी एक धरण आहे. खालच्या तलावाची पातळी उतरली तरी मनोऱ्यापाशी पाणी पुरेसे उंच राहावे, यासाठी ते बांधलेले आहे. पुलावरून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

या पाण्याखाली घरे, शाळा, चर्च आणि प्रार्थनागृहे गेली. सुमारे शंभर माणसांना खोरे सोडावे लागले आणि भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कुळांच्या हाती काही पडले नाही. मुळशी आणि कोयना ठाऊक असलेल्या श्रोत्यांना याहून अधिक सांगायला नको. कवी शेली १८११ आणि १८१२ मध्ये ज्या दोन वाड्यांत राहिला, ते कुम एलान आणि नान्तग्विल्ट हे वाडेही बुडाले. मोठा दुष्काळ पडला की नान्तग्विल्टच्या बागेच्या भिंती वर दिसू लागतात.

धरणांसाठी दगड आणि सिमेंट वाहून नेण्याकरिता घातलेला रेल्वेमार्ग नंतर उखडण्यात आला. त्याच वाटेवर आज रेयडरपासून क्रेग गोख धरणापर्यंत सुमारे १४ किलोमीटरची पायवाट आहे. आगगाडीसाठी आखलेली असल्याने तिचा चढ सौम्य आहे, त्यामुळे आजी-आजोबा आणि सायकलवरची मुले बरोबर असली तरी अडचण येत नाही. भरपूर पाऊस झाल्यावर काबान कोख धरणावरून पाणी संपूर्ण भिंतभर कोसळते, तेव्हा पावसाला नावे ठेवण्यापूर्वी तेथे जाऊन यावे.

एक दुपार मात्र घारींसाठी राखून ठेवावी. दुभंगलेल्या शेपटीची तांबडी घार विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनमधून जवळजवळ नाहीशी झाली होती. मध्य वेल्सच्या या डोंगरांतच काय त्या मोजक्या जोड्या तग धरून होत्या. आज रेयडरजवळच्या गिग्रिन शेतावर दररोज दुपारी त्यांना मांस घालतात आणि शेकडो घारी गोळा होतात. कावळे जमिनीवर उतरून खातात. घारी सहसा उतरत नाहीत. त्या सूर मारून तुकडा पायात पकडतात आणि उडता उडताच मान खाली वाकवून तो खातात. आपल्याकडे मुंबईच्या मासळीबाजारावर घिरट्या घालणाऱ्या घारी पाहिलेल्यांनाही हा प्रकार थांबून पाहावासा वाटेल.

पाऊस अगदीच हटेना, तर मोटारीने हे-ऑन-वाय गाठावे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांचे हे गाव वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवर आहे आणि महाबळेश्वरजवळच्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव करण्यात आले, त्यामागे याच गावाची प्रेरणा होती. फरक एवढाच, की भिलारमध्ये पुस्तके घरोघरी बसून फुकट वाचायची आणि येथे खिसा सांभाळायचा.

चालण्याविषयी थोडे. शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटा कायद्याने खुल्या आहेत. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी असतो. निळ्या बाणाच्या वाटेवर घोडे आणि सायकलीही चालतात. फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत ठेवावे, कारण ते उघडे ठेवण्यामागेही शेतकऱ्याचा हेतू असू शकतो. वसंतात मेंढ्या वितात, तेव्हा कुत्रा दोरीनेच बांधून न्यावा. डोंगरात फोनला रेंज मिळेलच असे नाही; कागदी नकाशा जवळ असावा. डिसेंबरात चारच्या सुमारास दिवस मावळतो, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड राहतो. लांबच्या चाली त्या हिशेबाने आखाव्यात.