सिरोस : निर्वासितांनी उभारलेलं बंदर

मंडळी, ग्रीसचं बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी घरं आणि निळे घुमट येतात. ते सांतोरिनी. तिथे तुम्ही जाणारच, त्यासाठी माझं व्याख्यान कशाला हवं? मी बोलणार आहे सिरोसबद्दल, आणि तेही मुख्यतः त्याच्या एर्मूपोली या बंदराबद्दल.

अथेन्सचं बंदर असलेल्या पिरेअसहून साध्या फेरीबोटीने चारेक तास लागतात. बंदर जवळ आलं की केबिनमध्ये बसू नका, डेकवर या. समोर दोन टेकड्या दिसतात. डावीकडे आनो सिरोस, मध्ययुगीन कॅथलिक वस्ती, माथ्यावर सेंट जॉर्जचं कॅथेड्रल. उजव्या टेकडीवर ऑर्थोडॉक्स चर्च. शहराचा सगळा इतिहास या दोन टेकड्यांच्या मधल्या उतारावर घडला.

झालं असं, की व्हेनिसच्या अमलापासून इथले लोक कॅथलिक. पुढे तुर्की राज्यातही त्यांच्यावर फ्रान्सचा वरदहस्त राहिला. १८२१ मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा हे बेट तटस्थ राहिलं. १८२२ मध्ये खिओस बेटावर भयंकर कत्तल झाली, १८२४ मध्ये प्सारा बेट उद्ध्वस्त झालं. तिथून जीव वाचवून पळालेली ऑर्थोडॉक्स माणसं तटस्थ सिरोसच्या किनाऱ्याला लागली. त्यांत व्यापारी होते, नावाडी होते, जहाजं बांधणारे होते. हर्मिस या व्यापाराच्या देवाचं नाव त्यांनी नव्या गावाला दिलं, म्हणून ते एर्मूपोली, आणि काही दशकांत ते ग्रीसचं आघाडीचं बंदर झालं.

तो पैसा आजही दिसतो. मिआऊली चौकात संगमरवरी फरसबंदी आहे आणि तिथलं नगरपालिकेचं घर एर्न्स्ट त्सिलर या वास्तुविशारदाने रचलं आहे. त्याचं काम १८७६ मध्ये सुरू झालं. एवढ्याशा बेटाला इतका मोठा जिना कशाला, असं मनात येतंच! १८६४ चं अपोलो नाट्यगृहही पाहा. मिलानच्या प्रसिद्ध ऑपेरागृहावरून त्याला ‘छोटं ला स्काला’ म्हणतात. मला ते जरा जास्तच वाटतं, पण आतली रंगवलेली छत आणि चढत्या बाल्कन्या सुरेख आहेत.

मग बंदर मागे का पडलं? आगबोटी सुधारल्या, वाटेत थांबायची गरज उरली नाही. पिरेअस वाढलं, १८९३ मध्ये कोरिंथचा कालवा झाला आणि जहाजांना जवळची वाट मिळाली. माझ्या मते या पडत्या काळानेच शहर वाचवलं. जुने वाडे पाडून नवे बांधायला पैसाच नव्हता. तरी गाव ओसाड पडलं नाही. १८६१ मधली निओरिओन गोदी अजून चालते आणि सरकारी कचेऱ्याही इथेच असल्यामुळे हिवाळ्यातही दुकानं उघडी असतात. निर्वासितांनी आणलेली लुकुमी, म्हणजे पिठीसाखरेत घोळवलेली गुलाबाच्या वासाची मऊ वडी, जरूर खा.

आणि बंदरापासून जवळच कीमिसिस नावाचं चर्च आहे, तिथे वाकडी वाट करून जाच. मरियमच्या महानिद्रेचं, म्हणजे तिच्या मृत्यूच्या प्रसंगाचं, लाकडी फळीवरचं एक लहानसं चित्र तिथे आहे. ते एल ग्रेको या प्रसिद्ध चित्रकाराचं, हे १९८३ मध्ये उघड झालं. चित्राच्या मध्यभागी मेणबत्त्यांचं शमादान आहे, त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सही आहे. ती शोधायला डोळे ताणावे लागतात.