रेडिएशनच्या अभ्यासाला नुसते डॉक्टर पुरत नाहीत

रेडिएशनचा माणसावर पुढे वर्षानुवर्षं काय परिणाम होतो हे बघायला टीम जमवायची म्हटलं की पहिलं नाव कुणाचं येतं, कॅन्सरच्या डॉक्टरचं, बरोबर ना? तो हवाच, पण हिरोशिमा-नागासाकीत काय झालं ते बघा.

नोव्हेंबर १९४६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमननी मंजुरी दिली आणि बॉम्बमधून वाचलेल्यांचा अभ्यास करायला एबीसीसी (ॲटॉमिक बॉम्ब कॅज्युअल्टी कमिशन) हे अमेरिकी कमिशन उभं राहिलं. त्यात जेम्स नील म्हणून तरुण डॉक्टर होता, आनुवंशिकतेचा अभ्यासक, त्याला बघायचं होतं की वाचलेल्या आईबापांच्या मुलांत जन्मजात दोष वाढतात का. आता बाळंतपणं व्हायची बहुतेक घरी, सुईणीच्या हातून, मग बाळं शोधणार कुठे? तर तेव्हा तिथे रेशनिंग होतं, पाचवा महिना लागला की गरोदर बाईला जादा रेशन मिळायचं आणि त्यासाठी नाव नोंदवावं लागायचं, तिथेच यांनी आपलीही नोंद सुरू केली, मग बाळ झालं की सुईण कळवणार आणि डॉक्टर घरी जाऊन तपासणार. १९४८ ते १९५४ मध्ये सुमारे ७७ हजार जन्मांची माहिती अशी जमली, आणि आईबापांना बसलेल्या रेडिएशनच्या डोसमुळे दोष वाढल्याचं काही त्यात ठळकपणे दिसलं नाही. मला विचाराल तर यातलं अर्धं श्रेय त्या सुईणींचं आहे.

दुसरा माणूस स्टॅटिस्टिक्सवाला. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर काही वर्षांतच वाढलेला दिसला, पण बाकीचे कॅन्सर वर यायला दहा वर्षं आणि त्याहून जास्त लागली, आणि तोवर लोक गाव सोडतात, लग्नं होतात, नावं बदलतात. १९५५ मध्ये साथरोगतज्ज्ञ थॉमस फ्रान्सिस यांच्या समितीने सांगितलं की कुणाकुणावर लक्ष ठेवायचं ती यादी एकदा पक्की करा आणि तीच धरून चाला. मग १९५० च्या जनगणनेवरून साधारण १ लाख २० हजार लोक ठरले, त्यात स्फोटाच्या वेळी शहरात नसलेलेही घेतले, तुलनेला. जपानात कोसेकी म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद असते, त्यामुळे माणूस देशात कुठेही वारला तरी कळायचं.

आणि फिजिक्सवाले! कोण कुठे उभा होता, मधे भिंत होती का, कौलं होती का, हे घरोघरी विचारून, नकाशे काढून एकेकाचा डोस काढला, तो हिशोब १९६५, १९८६ आणि २००२ मध्ये पुन्हा नव्याने झाला.

पण एक जागा रिकामी राहिली आणि ती मला फार लागते. एबीसीसीचं धोरण होतं तपासायचं, उपचार करायचे नाहीत. ज्यांचं सगळं गेलं त्यांना गाडीत घालून नेऊन कपडे उतरवून तपासायचं, रक्त घ्यायचं आणि परत सोडायचं, लोक म्हणायचे आम्हाला गिनीपिग केलं, आणि त्यांचं चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. १९७५ मध्ये हे काम जपान-अमेरिकेच्या संयुक्त संस्थेकडे गेलं आणि अजून चालू आहे, कारण तेव्हाची लहान मुलं आत्ता म्हातारी झालीत. म्हणून उद्या कुठेही अशी टीम उभी करायची वेळ आली तर उपचार करणारा डॉक्टर आणि त्याचे पैसे पहिल्याच कागदावर लिहा, रक्ताची पहिली बाटली भरायच्या आधी.