विन्सलो होमर : झाडावरच्या नेमबाजापासून दोन बदकांपर्यंत

(पडद्यावर : पाइनच्या फांदीवर बसलेला सैनिक. डोळा बंदुकीच्या दुर्बिणीला.)

१८६३. अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात. 'शार्पशूटर' (नेमबाज) हे अमेरिकन चित्रकार विन्सलो होमरचं अगदी सुरुवातीचं तैलचित्र. यात रक्त कुठेच नाही. ज्याच्यावर नेम धरलाय तोही चौकटीबाहेर. त्याला काहीच कल्पना नसणार, हे लक्षात येतं आणि पोटात गोळा येतो.

होमर बॉस्टनचा, जन्म १८३६चा. आई जलरंगात फुलं रंगवायची. एकोणिसाव्या वर्षी तो शिळाछापखान्यात उमेदवारीला लागला. ते काम त्याला इतकं नकोसं झालं की पुढे आयुष्यभर त्याने कुणाला मालक म्हटलं नाही. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकाने त्याला आघाडीवरची चित्रं काढायला पाठवलं. १८६२ साली यॉर्कटाउनजवळ त्याने अशाच एका बंदुकीच्या दुर्बिणीतून स्वतः पाहिलं होतं. अनेक वर्षांनी एका पत्रात त्याने लिहिलं : सैन्यातलं दुसरं कुठलंच काम मला खुनाच्या इतकं जवळचं वाटलं नाही.

(पडद्यावर : हात धरून धावणारी अनवाणी पोरं.)

युद्ध संपल्यावर मात्र ऊन पडलं. 'स्नॅप द व्हिप', १८७२. शाळेची मधली सुट्टी, डोंगर, साखळीच्या टोकाला भिरकावली जाणारी मुलं. १८७५ साली लेखक हेन्री जेम्सने असल्या विषयांना नाक मुरडलं, तरी यात काहीतरी आवडतं, हेही कबूल केलं. तेव्हाचा होमर लोकांना आवडण्यासारखाच होता.

मग १८८१मध्ये तो इंग्लंडच्या उत्तर समुद्राकाठी, कलरकोट्स नावाच्या मच्छीमार गावात जाऊन राहिला. टोपल्या उचलणाऱ्या, होड्यांची वाट बघत किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या कोळणी. धुकं. करडा उजेड. १८८२च्या अखेरीस परतला तो दुसराच चित्रकार होऊन. पुढची सगळी वर्षं मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ टोकावर काढली. लग्न केलं नाही. पाहुणे टळावेत म्हणून पाटी रंगवली : साप! साप! उंदीर!

(पडद्यावर : 'द लाइफ लाइन', १८८४.)

इथून त्याच्या चित्रांत माणसांचं काय होतं ते बघा. दोरावरून लटकत बुडत्या बाईला वाचवणारा हा माणूस. त्याचा चेहरा? वाऱ्याने उडालेल्या लाल कापडाने झाकून टाकलाय. 'नॉर्थईस्टर' या १८९५च्या चित्रात खडकावर दोन माणसं होती. काही वर्षांनी होमरने त्यांच्यावर रंग फिरवला. उरली ती फुटणारी लाट. मला विचाराल तर त्याचा खरा वास्तववाद इथे सुरू होतो. शाळकरी पोरांपेक्षा ही लाट जास्त खरी आहे.

(पडद्यावर : 'राइट अँड लेफ्ट', १९०९. कॅमेरा हळूहळू पुढे.)

मृत्यूच्या आदल्या वर्षीचं हे चित्र. समुद्रावर दोन बदकं, एक उलटं कोसळतंय, दुसरं वर झेपावतंय. दुनळी बंदुकीचे दोन बार. दोघांनाही लागलंय की एकालाच, कळत नाही.

आता मागच्या लाटेत बघा. ओळखू येईल न येईल एवढीशी होडी, आणि एक लाल ठिणगी. नेमबाज आहे तो. या वेळी आपण बदकांच्या बाजूला आहोत, आणि नळी आपल्यावर रोखलेली आहे.