डर्बीच्या सामन्यातील पंच

(दृश्य : प्रेक्षक आत येण्यापूर्वीचे मैदान. पंच आणि त्यांचे साहाय्यक गोलजाळी आणि कोपऱ्यांतील झेंडे तपासत आहेत.)

पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांमधील फुटबॉलचा सामना, म्हणजेच डर्बी, पंचांसाठी पहिल्या शिट्टीच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. कोणत्या पंचांची नेमणूक झाली हे जाहीर होताच दोन्ही संघांचे पाठीराखे त्यांचा मागला हिशेब काढून बसतात. गेल्या मोसमात यांनी आमच्या बचावपटूला बाहेर काढले होते, त्याआधी यांच्याच डोळ्यांदेखत आमची हक्काची पेनल्टी बुडाली होती, अशा नोंदी वर्षानुवर्षे जपलेल्या असतात आणि त्यात सोयीच्या गोष्टी तेवढ्या नेमक्या आठवतात. ज्या वादाचा निवाडा करायचा तो वाद पुष्कळदा पंचांच्या आजोबांच्या काळापासून चालत आलेला असतो. ग्लासगो शहरातील सेल्टिक आणि रेंजर्स हे संघ १८८८ पासून एकमेकांविरुद्ध खेळत आहेत आणि त्यांच्या वैराला धर्म आणि राजकारण यांची किनार आहे. ब्युनॉस आयर्समध्ये बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट, कैरोमध्ये अल अहली आणि झमालेक, कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यांतही प्रत्येक शिट्टी अशा जुन्या हिशेबासकट ऐकली जाते.

नियमांच्या पुस्तकात मात्र अशा सामन्यांसाठी वेगळे प्रकरण नाही. फुटबॉलचे नियम सतरा आहेत आणि ते सर्व सामन्यांना सारखेच लागू होतात. त्यांतील बारावा नियम चुका आणि गैरवर्तन यांविषयीचा आहे आणि डर्बीच्या दिवशी पंचांचा बहुतेक वेळ त्याच्याच कलमांत जातो. हे सर्व नियम तोंडपाठ असणे ही झाली किमान पात्रता. खरी कसोटी वेळ साधण्यात असते : कोणती चूक शब्दावर सोडायची, कोणत्या चुकीला कार्ड दाखवायचे आणि ते कोणत्या मिनिटाला दाखवायचे.

(दृश्य : मध्यरेषेजवळची चुरस. दोन खेळाडू एकाच चेंडूवर घसरत येतात.)

सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत खेळाडू प्रतिस्पर्ध्याला जोखतात तसेच पंचांनाही जोखत असतात. चौथ्या-पाचव्या मिनिटाला एखादा धसमुसळा टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न, होतो आणि पंचांपुढे पेच उभा राहतो. ताकीद देणारे पिवळे कार्ड दाखवले तर त्यांनी स्वतःसाठी एक मोजमाप ठरवून घेतलेले असते आणि उरलेली पंचाऐंशी मिनिटे दोन्ही संघ त्याच मापाने न्याय मागतात. कार्ड खिशातच ठेवले तर पुढचा टॅकल थोडा अधिक जोरात येतो, कारण मर्यादा नेमकी कोठे आहे हे अजून कोणालाच कळलेले नसते. सामना बिघडला की दोष बहुधा सत्तराव्या मिनिटाला खेळाडूला बाहेर काढणाऱ्या लाल कार्डाला दिला जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा दहाव्या मिनिटाला, कोणाच्या फारशा लक्षात न आलेल्या एखाद्या सौम्य निर्णयात बिघडलेला असतो.

लवकर कडक होऊनही सामना ताब्यात येतोच असे नाही, हे ११ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गमध्ये झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दिसले. स्पेन आणि नेदरलँड्स हे काही एका गावचे वैरी नव्हते, परंतु मैदानावरील तापमान कोणत्याही डर्बीला साजेसे होते. इंग्लंडचे पंच हॉवर्ड वेब यांनी पहिल्या २८ मिनिटांतच पाच पिवळी कार्डे दाखवली आणि तरीही खेळ शांत झाला नाही. त्यांतील पाचवे कार्ड नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगला मिळाले, कारण त्याच्या बुटाचा तळ झाबी अलोन्सोच्या थेट छातीवर बसला होता. ते लाल कार्ड असायला हवे होते, आपल्या दृष्टीच्या रेषेत दुसरा खेळाडू आल्याने आघात नीट दिसला नाही, हे वेब यांनी पुढे स्वतःच सांगितले. पंच बारा किलोमीटरपर्यंत धावतात ते या रेषेसाठी. चेंडूच्या जवळ असणे पुरेसे नसते, दोन शरीरांमधील फट दिसेल अशा कोनात असणे आवश्यक असते, आणि बावीस माणसे सतत हलत असताना तो कोन क्षणाक्षणाला बदलतो.

(दृश्य : १९६०च्या दशकातील कृष्णधवल छायाचित्रे.)

ज्या कार्डांशिवाय आज सामन्याची कल्पनाही करता येत नाही, ती अशाच बिघडलेल्या सामन्यांतून जन्माला आली. २ जून १९६२ रोजी सँटियागो येथे विश्वचषकात चिली आणि इटली समोरासमोर आले. इटालियन पत्रकारांनी चिलीविषयी लिहिलेल्या अपमानास्पद मजकुरामुळे वातावरण आधीच पेटलेले होते. इंग्लंडचे पंच केन ॲस्टन यांनी इटलीच्या फेरिनीला सुरुवातीच्या मिनिटांतच बाहेर जाण्यास सांगितले, परंतु तो जाईना, आणि अखेरीस पोलिसांनी त्याला मैदानाबाहेर नेले. पुढे इटलीचा आणखी एक खेळाडू बाहेर गेला. त्याच सामन्यात चिलीच्या लिओनेल सांचेझने ठोसे मारले, पण त्याला शिक्षा झाली नाही. चार वर्षांनी, पुढच्या विश्वचषकात, लंडनमधील वेम्बली येथे इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन याला बाहेर काढले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि रॅटिन कित्येक मिनिटे मैदान सोडायला तयार नव्हता. त्या स्पर्धेत पंचांची व्यवस्था पाहणाऱ्या ॲस्टन यांना वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या आणि लाल रंगाची युक्ती सुचली. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे प्रथम वापरली गेली आणि गंमत अशी की त्या संपूर्ण स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही.

कार्डाने भाषेचा प्रश्न सुटला, पण घोळक्याचा सुटला नाही. एक कठोर टॅकल होतो, पडलेल्या खेळाडूचा सहकारी धावून येतो, त्याला अडवायला तिसरा येतो आणि चार-पाच सेकंदांत पंधरा जण एकमेकांच्या छातीला छाती लावून उभे असतात. अननुभवी पंच अशा वेळी मध्ये शिरतात आणि मग त्यांना समोरच्या दोन सदऱ्यांपलीकडे काहीच दिसत नाही. अनुभवी पंच मोठ्याने शिट्टी वाजवून दोन-चार पावले मागे येतात आणि पाहत राहतात. जवळचा साहाय्यक पंच दुसऱ्या बाजूने आत येतो, चौथे पंच राखीव खेळाडूंना बाकाजवळ थोपवतात, आणि तिघेही एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असतात : आग कोणी लावली आणि ती विझत असताना पुन्हा हात कोणी उचलला? ढकलाढकली करणाऱ्या सगळ्यांना शिक्षा देता येत नाही. सर्वसाधारणपणे दोन्ही बाजूंचा एकेक मुख्य दोषी निवडला जातो. या निवडीत थोडासा अन्याय असतो हे मान्य करावे लागेल, परंतु पंधरा कार्डे काढणे हा त्यावरील उपाय नव्हे.

कॉर्नर किकच्या वेळी याचीच छोटी आवृत्ती गोलरक्षकासमोर घडते. चेंडू ठेवला जात असतानाच आघाडीपटू आणि बचावपटू एकमेकांचे सदरे धरतात, कोपर मारतात, गोलरक्षकाच्या पुढ्यात उभे राहतात. चेंडू खेळात येण्यापूर्वी झालेल्या ओढाओढीवर पेनल्टी देता येत नाही, तो खेळात आल्यावर मात्र द्यावी लागते, आणि हा फरक अर्ध्या सेकंदाचा असू शकतो. म्हणून जाणकार पंच किक घेऊ देण्याआधीच शिट्टी वाजवतात, त्या दोघांना बोलावून सर्वांना दिसेल असे बजावतात आणि मगच किकची परवानगी देतात. प्रेक्षकांना हा वेळकाढूपणा वाटतो. खरे तर ती पुढच्या दहा मिनिटांच्या वादाची आगाऊ केलेली सोडवणूक असते.

(ध्वनी : भरलेल्या स्टेडियममधील गर्जना. मग काही क्षण पूर्ण शांतता.)

पंचांवर प्रेक्षकांचा परिणाम होतो का, हा प्रश्न विचारला की पाठीराखे हसतात आणि पंच रागावतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० पात्र पंचांना इंग्लंडमधील एका सामन्यातील टॅकल चित्रफितीवर दाखवण्यात आले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून ते पाहायला मिळाले. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. पाहुण्यांना जास्त शिक्षा देण्यापेक्षा यजमानांच्या चुकांवर शिट्टी न वाजवण्याकडे कल होता, हा त्यातील सूक्ष्म भाग लक्षात घेण्याजोगा आहे. २०२० मध्ये साथीमुळे रिकाम्या मैदानांत सामने झाले, तेव्हा यजमान आणि पाहुणे यांना मिळणाऱ्या कार्डांमधील तफावत अनेक लीगमध्ये कमी झालेली आढळली. यातून पंच पक्षपाती असल्याचा निष्कर्ष निघत नाही. शंकेच्या क्षणी माणूस मिळेल तो पुरावा वापरतो आणि पन्नास हजार लोकांचे ओरडणे हाही मेंदूच्या लेखी एक पुरावाच असतो.

काही वेळा निर्णय नियमाला धरून असतो आणि तरीही सामना मोडतो. ३ मार्च २०२३ रोजी इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बंगळूरु आणि केरला ब्लास्टर्स हे कट्टर प्रतिस्पर्धी भिडले होते. गोलशून्य बरोबरीनंतर जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला बंगळूरुला फ्री किक मिळाली आणि केरळचे खेळाडू बचावाची भिंत उभी करत असतानाच सुनील छेत्रीने चेंडू गोलजाळ्यात मारला. फ्री किक झटपट घेण्याची मुभा नियमात आहे. मात्र एकदा पंच भिंतीचे ९.१५ मीटर अंतर मोजून देऊ लागले, की शिट्टीची वाट पाहावी लागते. त्या किकच्या वेळी पंचांनी नेमका कोणता संकेत दिला होता, यावरच सारा वाद झाला. गोल मान्य झाला, केरळच्या प्रशिक्षकांनी संघ मैदानाबाहेर नेला, सामना बंगळूरुला बहाल करण्यात आला आणि पुढे केरळच्या क्लबला ४ कोटी रुपयांचा दंड झाला. "शिट्टीची वाट पाहा" एवढे तीन शब्द स्पष्ट हातवाऱ्यासह उच्चारले असते, किंवा किक लगेच घेतली जाऊ शकते हे भिंतीतील खेळाडूंना उमगले असते, तर हा वाद उद्भवलाच नसता.

खेळ थांबवण्याचा आणि गरज पडल्यास सामनाच रद्द करण्याचा अधिकार पंचांना आहे, पण तो वापरणे सर्वांत जड जाते. १२ एप्रिल २००५ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये इंटर आणि एसी मिलान या एकाच शहरातील संघांच्या सामन्यात इंटरचा एक गोल अमान्य ठरल्यावर मैदानात पेटत्या नळकांड्यांचा वर्षाव झाला आणि त्यातील एक मिलानचा गोलरक्षक दिदा याच्या खांद्यावर आदळली. जर्मन पंच मार्कुस मेर्क यांनी दोन्ही संघांना आत नेले, काही वेळाने खेळ पुन्हा सुरू केला आणि नळकांडी पुन्हा पडू लागताच सामना तिथेच संपवला. एक संधी देऊन पाहणे आणि ती वाया जाताच न कचरता थांबणे, हा क्रम आजही अनुकरणीय वाटतो. मैदानावरील ठिणगी गॅलरीत पोहोचली तर काय होते, हे १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर दिसले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दोन खेळाडूंची झटापट झाली, दोघांनाही बाहेर काढण्यात आले, पण तोवर प्रेक्षकांत हाणामारी पेटली होती. त्या गोंधळात आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांनी प्राण गमावले.

(दृश्य : मैदानाच्या कडेला असलेला पडदा आणि त्याकडे धावत जाणारे पंच.)

व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजेच व्हीएआर, २०१८ साली नियमांत दाखल झाले तेव्हा त्यांचे काम चार गोष्टींपुरते ठरवून दिले होते : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा. डर्बीतील बहुसंख्य भांडणे या चौकटीबाहेरची असतात. शिवाय पडद्यासमोर उभे असलेले पंच हे स्टेडियममधील सर्वांत एकाकी माणूस असतात, कारण आता "मला दिसले नाही" असे म्हणण्याची सोय उरलेली नसते. खेळाडूंच्या गराड्याबाबत मात्र २०२४च्या युरो स्पर्धेत घेतलेला निर्णय अधिक उपयोगाचा ठरला. निर्णयाचे स्पष्टीकरण मागायला केवळ कर्णधाराने यावे, अन्य कोणी आल्यास पिवळे कार्ड मिळेल, असे तेथे आधीच जाहीर करण्यात आले होते.

एवढे करूनही विश्वासच उरला नाही, तर बाहेरचे पंच बोलावण्याची मागणी होते. तुर्कस्तानात २४ फेब्रुवारी २०२५ रोजी गालातासराय आणि फेनरबाहचे यांच्या लीग सामन्यासाठी स्लोव्हेनियाचे स्लावको विन्चिच यांना आणण्यात आले. सामना गोलशून्य सुटला, पण वाद थांबला नाही, फक्त त्याचा रोख चौथ्या पंचांकडे वळला, कारण ते तुर्की होते. त्यानंतर काही दिवसांतच कैरोमध्ये परदेशी पंचांची मागणी मान्य न झाल्याने अल अहलीचा संघ झमालेकविरुद्ध मैदानातच उतरला नाही. स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबर २०१० मध्ये सततच्या आरोपांना कंटाळून पंचांनीच संप केला आणि तेथील महासंघाला परदेशांतून पंच आणून सामने खेळवावे लागले.

परदेशी पंचांमागे जुना हिशेब नसतो, हा त्यांचा मोठा फायदा आहे. पण कोणता आघाडीपटू हलक्या धक्क्यानेही कोसळतो आणि कोणत्या कर्णधाराशी दोन शब्द बोलले की संघ शांत होतो, ही माहिती त्याच लीगमध्ये दर आठवड्याला शिट्टी वाजवणाऱ्यांकडेच असते. देशातील सर्वांत कठीण सामना दरवर्षी पाहुण्यांच्या हाती दिला, तर त्या सामन्याचा अनुभव असलेले स्थानिक पंच घडणार कसे, याचे उत्तर महासंघांनी अजून दिलेले नाही, आणि तोवर प्रत्येक मोसमात परदेशी महासंघाला पाठवायच्या विनंतीपत्राचा मसुदा मात्र तयार असतो.