कोंडलेल्या समुद्रातली वादळं

[दृश्य: महाबळेश्वर. पर्जन्यमापकाचं झाकण उघडतं.]

सकाळचे साडेआठ. साठलेलं पाणी मापपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत टिपायचा. जुलै २०२१ मध्ये इथं २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटमाथ्याला धो-धो पाऊस नवा नाही.

लिबियातल्या अल-बयदाला मात्र तो नवा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये भूमध्य समुद्रात उठलेल्या डॅनियल वादळानं तिथं एका दिवसात ४१४ मिलिमीटर पाऊस पाडला. गुंठ्याच्या हिशेबात सांगायचं तर एका गुंठ्यावर जवळपास ४२ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी चार टँकर! जवळच्या डेर्ना शहराच्या वरची दोन धरणं रात्रीत फुटली, हजारो माणसं वाहून गेली.

[दृश्य: भूमध्य समुद्राचा उपग्रह-नकाशा.]

उष्णकटिबंधातल्या चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंश तापलेला समुद्र लागतो. भूमध्य समुद्रातली वादळं त्याहून गार पाण्यावरही उठतात, बहुतेक सप्टेंबर ते जानेवारीत. कारण उत्तरेकडून उंचावर आलेली थंड हवा. खाली कोमट पाणी आणि पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवर गार हवेचं डबकं असलं की बाष्प झपाट्यानं वर चढतं, त्याचं पाणी होताना उष्णता सुटते, मधला भाग उबदार होतो आणि कधी मधोमध शांत, निरभ्र डोळाही दिसतो. पण चहूबाजूंनी जमीन. किनारा लागला की बाष्पाचा पुरवठा तुटतो, म्हणून आयुष्य एक ते तीन दिवसांचं.

तापमानवाढीनं इथं दोन गोष्टी उलट्या दिशेनं ओढतात. समुद्राबरोबर वरची हवाही तापते, तफावत घटते, म्हणून वादळांची संख्या कमी होईल असा बहुतेक हवामान-प्रारूपांचा, म्हणजे संगणकावरच्या मॉडेलांचा, कल. पण हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणजे जे वादळ जमेल, ते जास्त पाणी आणि जास्त जोर घेऊन येईल. नुसती संख्या मोजणाऱ्याची इथं फसगत होते.

[दृश्य: महाबळेश्वर ते दहिवडी, नकाशावर एक चौकट.]

अडचण मापाची आहे. ही वादळं बहुधा तीनशे किलोमीटरपेक्षा लहान. प्रारूप नकाशाच्या चौकटी पाडतं आणि प्रत्येक चौकटीला एकच आकडा देतं. शंभर किलोमीटरच्या चौकटीचं प्रारूप घेतलं, तर महाबळेश्वरचा पाऊस आणि दहिवडीचा दुष्काळ एकाच आकड्यात मिसळतात. तशीच वादळाची धारही बोथट होते. डोळा दिसायचा तर चौकट दहा किलोमीटर किंवा त्याहून बारीक हवी, आणि मग तेच गणित संगणकाला कित्येक पटींनी जड जातं.