दहा दिवसांचे पाहुणे

(पडद्यावर: नागपूर रेल्वे स्थानक, मे महिन्यातली संध्याकाळ. फलाटावर नऊ सॅक, एक गिटार, एक ढोलकी.)

मे महिन्यात नागपूरचा माणूस जमलं तर थंड हवेच्या ठिकाणी जातो. नाही जमलं तर कूलरमध्ये पाणी भरतो. ही नऊ पोरंपोरी निघाली आहेत थंड हवेच्या ठिकाणीच, पण कारण वेगळं. नागपूरच्या सदर भागातल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हा तरुण संघ. वयं एकोणीस ते सव्वीस. चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथून तासा-सव्वा तासाचं विमान, आणि मग श्रीलंका. तिथे डोंगरातल्या एका चहामळ्यावर मुलांचं शिबिर घ्यायचं, शाळा रंगवायची, गाणी गायची. दहा दिवस.

चर्चच्या सूचनाफलकावर 'मिशन ट्रिप' असं लिहिलं होतं. चर्चच्या फाटकाबाहेर मात्र हा शब्द कुणी वापरला नाही. सीताबर्डीच्या ट्रॅव्हल एजंटकडे 'ग्रुप टूर', कॉलेजात 'सोशल वर्क', शेजारच्या काकूंना 'श्रीलंका पाहायला'. एकाला मित्राने तोंडावर विचारलंच, "काऊन बे, धर्म बदलवायला चालला का तिकडे?" तो हसला. उत्तर मात्र बल्लारशाह मागे पडेपर्यंत सुचलं नाही, असं त्याने मला गाडीत सांगितलं.

पाळकसाहेबांनी फलाटावर प्रार्थना केली आणि दोन गोष्टी बजावल्या. जाहीर प्रचार करायचा नाही. आणि ताटात वाढलेलं टाकायचं नाही. दुसरी गोष्ट जास्त अवघड जाणार आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

(पडद्यावर: हिस्लॉप कॉलेजचं प्रवेशद्वार. विद्यार्थ्यांची गर्दी.)

मीही याच मंडळीच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत वाढलो. आमच्या घरांत मिशनरी म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो आपल्याकडे आलेला माणूस. आपल्यातून गेलेला नाही. नागपुरात तर त्या माणसाचं नावही ठरलेलं आहे. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडचा. १८४५ साली बायकोसोबत इथे आला तेव्हा नागपुरावर भोसल्यांचं राज्य होतं. त्याने मराठी शिकून घेतली, शाळा काढली, आणि वेळ मिळेल तसा आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा करत हिंडला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परत येताना पुराच्या पाण्यात बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज निघालं ते पुढे वीस वर्षांनी, १८८३ मध्ये. मधली मायदेशाची सुट्टी सोडली, तर या माणसाने इथे अठरा वर्षं काढली.

अठरा वर्षं आणि दहा दिवस. कॅमेरा घेऊन या मुलांसोबत निघालो तेव्हा माझ्या डोक्यात हाच हिशोब होता, आणि खरं सांगायचं तर थोडी कुचेष्टाही होती.

दुसरा हिशोब पैशांचा. माणशी बावन्न हजार. नाताळात करंज्या, अनारसे आणि केक विकून थोडे जमले. रविवारच्या उपासनेनंतर आवारात तर्री पोह्याचा स्टॉल लावला, त्यातून थोडे. उरलेले आईबापांनी घातले. नऊ जणांचे मिळून चार लाख अडुसष्ट हजार. कमिटीच्या बैठकीत एका जुन्या खजिनदारांनी चष्मा पुसत विचारलं होतं, "एवढ्या पैशात आपल्याच वस्तीतल्या किती पोरांची फी भरली असती?" कुणी उत्तर दिलं नाही. मग चहा आला.

(पडद्यावर: निगोंबो. पहाटेचा समुद्र, मासळीच्या होड्या. मग चर्चचं फाटक आणि बॅगा तपासणारा पहारेकरी.)

विमानतळाजवळच्या निगोंबो गावात पहिला मुक्काम. सकाळी सगळे सेंट सेबॅस्टियन चर्च पाहायला गेले. फाटकावर बॅगा उघडून दाखवाव्या लागल्या. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. त्या सकाळी याच चर्चमध्ये, कोलंबोच्या सेंट अँथनीमध्ये, पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये आणि कोलंबोच्या मोठ्या हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले. अडीचशेहून जास्त माणसं गेली.

आमची मुलं बाकांवर बसून राहिली. गिटारवाल्याने गिटार खोलीबाहेर काढलीच नाही. आपण इथे काहीतरी द्यायला आलो आहोत, या समजुतीला पहिला तडा निगोंबोतच गेला असावा. हा माझा अंदाज. तसं कुणी बोलून दाखवलं नाही.

(पडद्यावर: हॅटनकडे चढत जाणारी रेल्वे. दोन्ही बाजूंना चहा.)

हॅटनच्या पुढे एक मळा. मळ्याचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांनी तशी विनंती केली आहे. डोंगर हिरवेगार, कापून नीट बसवल्यासारखे. पर्यटक फोटो काढतो तो याचा. फोटोत न येणारी गोष्ट उताराच्या खालच्या अंगाला आहे. बुटक्या खोल्यांची लांबलचक रांग. इथले लोक तिला 'लयम' म्हणतात. ब्रिटिशांच्या काळातली ही चाळ. आधी इथे कॉफी होती. १८६९ पासून पानांवरच्या तांबेरा रोगाने कॉफी बसली आणि चहा आला. राबणारी माणसं तमिळ मुलखातून आणली. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने यांतल्या बहुतेकांचं नागरिकत्व गेलं. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाव्हो बंदरनायके या दोन पंतप्रधानांनी करार केला. सव्वापाच लाख माणसं भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेने, ठेवायची. उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. बाजारात संत्र्यांच्या पेट्यांचे वाटे घालावेत तसं. जे तिथेच राहिले, त्यांचा नागरिकत्वाचा शेवटचा गुंता सुटायला २००३ साल उजाडलं.

हे सगळं मी वाचून गेलो होतो. मुलांना ते सांगितलं लयममधल्या एका आजीने, चुलीपुढे बसून.

आणि ते मराठीत आणलं नऊ जणांतल्या एकीने, नागपुरातल्या अजनीच्या मुलीने.

तिच्याबद्दल थांबून सांगायला हवं. तिचे आजोबा रेल्वेत होते. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दोन पिढ्या गेल्या. आजी मूळची तिरुनेलवेलीची. घरात तमिळ होतं, पण ते आजीच्या खोलीपुरतं. पोरगी शाळेत मराठी, मैदानात हिंदी, चर्चमध्ये पुन्हा मराठी. आजीने तमिळमध्ये हाक मारली की ही मराठीत ओ द्यायची. तिला दौऱ्यात घेतलं ते हस्तकलेसाठी. भाषेचा विचार कुणीच केला नव्हता. तिथल्या पाळकांना इंग्रजी येतं, एवढ्यावर सगळी तयारी झालेली.

पहिल्या दिवशी शिबिराला साठेक मुलं आली. आमच्या मंडळींनी हिंदी गाणी हातवाऱ्यांसकट बसवून आणली होती. मुलांनी कौतुकाने पाहिली. मग मागून एक छोटी पुढे आली आणि अजनीच्या मुलीला म्हणाली, "अक्का, साप्पिटिंगळा?"

ताई, जेवलात का?

"माझी आजी रोज विचारते बे हे," ती नंतर कॅमेऱ्यासमोर म्हणाली, "अन् मी रोज म्हणते, हो ना आजी, किती वेळा विचारशील." पुढचं तिला बोलता येईना. मी कॅमेरा बंद केला.

त्या दिवसापासून दौऱ्याची सूत्रं तिच्याकडे गेली. बाकीच्यांच्या लक्षात आलं, अक्का तिथेही अक्का आणि अण्णा तिथेही अण्णाच. ढोलकीवाला दिवसभर अण्णा म्हणवून घेत ऐटीत फिरला. 'पोदुम', म्हणजे पुरे, हा शब्द सगळे आधी शिकले, कारण पाळकसाहेबांची दुसरी आज्ञा. पण ताटावर हात आडवा धरून पोदुम म्हटलं की वाढणारी हमखास आणखी एक वाटी भात घालते, हे कळायला दोन दिवस लागले. तिथल्या मजुरीचा दर तेव्हा दिवसाला एक हजार श्रीलंकन रुपये होता, आपले पावणेतीनशेच्या आसपास. त्यासाठी या मळ्यात अठरा किलो पाला खुडावा लागे. त्या पैशातला भात ताटात टाकून कसा उठणार?

(पडद्यावर: शाळेची भिंत. अर्धी निळी. धुकं.)

आता भिंतीची गोष्ट. ती आमच्या बाजूची नाही, तरी सांगतो.

तिसऱ्या दिवशी शाळा रंगवायला काढली. ब्रश, रोलर, वर्तमानपत्राच्या टोप्या, फोटो. हवेत इतकी ओल की रंग भिंतीवर धरेना, ओघळ यायला लागले. समोरच्या कट्ट्यावर दोन माणसं सकाळपासून बसून हे बघत होती. मध्येच एकमेकांकडे पाहून हसत. दुपारी अजनीच्या मुलीने जाऊन विचारलं, अण्णा, काय चुकतंय? ते दोघं रंगारी होते. लयममध्येच राहणारे. दोन आठवड्यांपासून हाताला काम नव्हतं.

नागपूरहून समुद्र ओलांडून नऊ जण भिंत रंगवायला आले आणि गावचे रंगारी कट्ट्यावर बसून बघत राहिले. संध्याकाळच्या प्रार्थनेत हा विषय निघाला तेव्हा गिटारवाला म्हणाला, "आपण सेवा नाही करून राहिलो, आपण हौस करून राहिलो." एका मुलीला ते लागलं. तिने त्या भिंतीसाठी सुट्टीत दोन महिने शिकवण्या घेतल्या होत्या. भांडण झालं. चांगलं कडाक्याचं. मी चित्रित केलं, पण इथे दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी हातखर्चातून पैसे काढले आणि रंगाऱ्यांना रोजावर लावलं. त्यांनी आधी भिंत खरवडली, ऊन पडेपर्यंत थांबले, मग रंग दिला. आमच्या पोरांनी शिडी धरली, बादल्या उचलल्या. त्यांच्या मदतनिसाचं काम.

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आली होती. बायकांची रांग लागली. पायांवर जळवांचे डाग, चेहरे फिकट. तिच्याकडे औषध नव्हतं आणि द्यायचा अधिकारही नव्हता. "मोजलं, अन् वहीत लिहिलं," ती सांगते. "एका बाईने विचारलं, मग आता काय करू? मी म्हटलं दवाखान्यात दाखवा. ती म्हणाली, त्या दिवसाचा रोज कोण देणार." ती वही तिने तिथल्या पाळकांच्या हाती दिली. त्या वहीचं पुढे काय झालं, हे ती अजून दर महिन्याला विचारते.

(पडद्यावर: पत्र्याच्या छपराचं चर्च. रविवार. चपलांची रांग दाराबाहेर.)

रविवारच्या उपासनेत मात्र गंमत झाली. तिथल्या मंडळीने कीर्तनं म्हटली. शास्त्रीय रागांतली, टाळांच्या ठेक्यावर. वेदनायकम शास्त्रियार या तमिळ ख्रिस्ती कवीची ही परंपरा. जन्म १७७४, तिरुनेलवेलीचा. म्हणजे आमच्या अजनीच्या आजीच्या गावचा! आणि श्वार्ट्झ नावाच्या ज्या मिशनऱ्याकडे तो शिकला, त्याच्याच हाताखाली तंजावरचे सरफोजीराजे भोसलेही शिकले. तंजावरचे भोसले वेगळे, नागपूरचे वेगळे, हे मला ठाऊक आहे. तरी हे ऐकून ढोलकीवाल्याचा चेहरा पाहायला हवा होता.

मग आपली पाळी आली. बसवलेली हिंदी गाणी आमच्या मुलांनी बाजूला ठेवली आणि घरी म्हणतात तसं ना. वा. टिळकांचं भजन धरलं. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मराठी उपासनेत अभंग-भजनाचा गोडवा आणला. त्याची सुरुवात झाली ती नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात. सोबतच्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल वाचायला दिलं. ती भेट काही तासांचीच होती. अठरा वर्षांच्या माझ्या हिशोबात ती कुठे मांडायची, ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या कडव्याला तिथल्या म्हाताऱ्यांनी टाळ उचलले. भाषा कळत नव्हती, ठेका कळत होता.

निघायच्या आदल्या दिवशी त्या आजीने चहाला बोलावलं. बिनदुधाचा, काळा. तळहातावर गुळाचा खडा द्यायचा, तो चावायचा आणि वर चहाचा घोट. मळ्याचा उत्तम माल परदेशी जातो. यांच्या डब्यात असते ती बारीक भुकटी. निघताना आजीने त्याच भुकटीचं एक पुडकं अजनीच्या मुलीच्या सॅकमध्ये कोंबलं. ती पोदुम, पोदुम म्हणत राहिली.

(पडद्यावर: सदर, जून. चर्चचा हॉल. खुर्च्या मांडल्या जात आहेत.)

परतल्यावर साक्ष देण्याची रीत असते. फोटो दाखवायचे, प्रभूने काय केलं ते सांगायचं. या मुलांनी पहिला फोटो दाखवला तो ओघळ आलेल्या भिंतीचा. दुसरा, शिडीवर चढलेल्या रंगाऱ्यांचा. हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. खजिनदारांनी हिशोब मागितला आणि मुलांनी पैन् पै वाचून दाखवली, 'रंगाऱ्यांचा रोज' यासकट. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, ते कळलं नाही.

अजनीच्या मुलीने त्या दिवशी आजीला सोबत आणलं होतं. पहिल्या रांगेत बसवलं होतं. साक्ष तिने मराठीत दिली. मध्येच दोन वाक्यं आजीकडे वळून तमिळमध्ये बोलली. काय बोलली, ते मी विचारलं नाही.

शेवटी चहा. त्या पुडक्यातलाच, कागदी कपांत. प्रत्येकाच्या हातावर मुलं गुळाचा एकेक खडा ठेवत होती. बाहेर पाऊस येऊ म्हणत होता, पण येत नव्हता. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी कपात डोकावून पाहिलं आणि शेजाऱ्याला हळूच विचारलं, "दूध विसरले का पोट्टे?"

(चित्र कपावर थांबतं. टाळांचा आवाज. अंधार.)