कॉम्प्रेसरपाशी कोण उभं आहे?

नमस्कार श्रोतेहो.

परदेशात स्कूबा डायव्हिंगची इंटर्नशिप करायला निघालेली मुलंमुली मला भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फिन्स कोणत्या घेऊ?" फिन्स म्हणजे पोहायला पायात अडकवायचे पंख. कोणत्याही घ्या. पायाला चावल्या नाहीत म्हणजे झालं. मग मी उलट विचारतो, "तिथे दिवसातला किती वेळ पाण्याखाली असाल असं वाटतं?" उत्तर येतं, "सकाळी आणि दुपारी." तेव्हा त्यांना सांगतो तेच आज तुम्हालाही सांगतो. ही इंटर्नशिप पाण्यात कमी आणि काठावर जास्त असते. एक डाइव्ह साधारण पाऊण तासाची. त्याच्या आधी आणि नंतर हवेच्या टाक्या उचलणं, वेटसूट म्हणजे डायव्हिंगचे रबरी पोशाख गोड्या पाण्यात धुऊन वाळत घालणं, बोटीवरची माणसं मोजणं, वर आल्यावर पुन्हा मोजणं, आणि कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या, खोलीत उभं राहून टाक्या भरणं. भरलेली टाकी पंधरा किलोच्या वर जाते, आणि अशा दहा-वीस टाक्या रोज हलवायच्या असतात. म्हणून तयारी करायची ती काठाची. पुन्हा सांगतो, पाण्यात कमी, काठावर जास्त.

पासपोर्ट, तिकीट, सामान हे तुम्ही पाहालच, त्यावर वेळ घालवत नाही. व्हिसाचं तेवढं बोलतो. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि पगार नसला तरी बऱ्याच देशांत इंटर्नशिप हे कामच धरलं जातं. थायलंडमधलं को ताओ असो, होंडुरासचं उतिला असो की इजिप्तमधलं दाहाब, डाइव्ह सेंटरला ईमेल करून विचारा, "मी कोणत्या व्हिसावर येऊ?" उत्तर लेखी घ्या. "या तर खरं, इथे आल्यावर बघू" असं उत्तर आलं, तर दुसरं सेंटर शोधा.

आता पात्रता. बहुतेक इंटर्नशिप डाइव्हमास्टर, म्हणजे पाहुण्या डायव्हरना पाण्याखाली नेणारा गाईड, या पायरीसाठी असतात. पाडी ही डायव्हिंगचे कोर्स आणि प्रमाणपत्रं देणारी, १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था. तिच्या नियमाप्रमाणे वय १८ पूर्ण हवं, अ‍ॅडव्हान्स्ड आणि रेस्क्यू हे कोर्स झालेले हवेत, सुरुवातीला लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, किमान ४० डाइव्ह हव्यात आणि प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत ६०. शिवाय ४०० मीटर न थांबता पोहणं, मास्क, स्नॉर्केल आणि फिन्स लावून ८०० मीटर, १५ मिनिटं एका जागी तरंगणं, आणि दमलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढत नेणं. पोहण्याला आणि ओढण्याला वेळेप्रमाणे गुण असतात. तेव्हा निघायच्या दोन-तीन महिने आधी तलावावर जायला लागा. लॉगबुक मात्र कागदाचं ठेवा, ही माझी हट्टाची गोष्ट आहे. फोनमध्ये डाइव्ह नोंदवणाऱ्याला विचारा, मागच्या वेळी कमरेला किती वजन लावलं होतंस? त्याला आठवत नाही. हाताने लिहिणाऱ्याला आठवतं. असो.

आणि डॉक्टर. वैद्यकीय प्रश्नावली घरीच भरा, तिथे पोचल्यावर नको. दमा, कानाचं जुनं दुखणं, छातीची शस्त्रक्रिया, यातल्या कशाला "हो" म्हणावं लागलं तर डॉक्टरची सही लागते, आणि छोट्या बेटावर तसा डॉक्टर मिळेलच असं नाही. डाइव्हमास्टरसाठी तर डॉक्टरची सही लागतेच. दातही दाखवून घ्या. किडलेल्या दातात किंवा सैल फिलिंगखाली हवा अडकली की खाली गेल्यावर असा ठणका लागतो की माणूस डाइव्ह सोडून वर येतो.

आता प्रत्येक नव्या इंटर्नला मी ऐकवतो ती गोष्ट. माझ्या सहकाऱ्यांना ती पाठ झाली आहे, तुम्हाला नवी असेल.

फ्रान्सच्या दक्षिण भागात फोंतेन-द-व्होक्ल्यूझ नावाचं गाव आहे. डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचा एक डोह, आणि त्यातून आत खोल उतरत जाणारी अंधारी गुहा. एरवी हे पाणी शांत असतं. पण वर्षातून काही काळ ते असं उसळतं की नदी दुथडी भरून वाहते. इतकं पाणी येतं कुठून, हे कोडं शतकानुशतकं सुटलं नव्हतं. १८७८ साली ओत्तोनेली नावाचा पाणबुड्या शिरस्त्राण घालून २३ मीटरपर्यंत जाऊन आला. तळ काही लागला नाही.

१९४६ च्या ऑगस्टमध्ये तिथे जॅक कुस्तो आले. कुस्तो कोण हे डायव्हिंगवाल्यांना सांगायला नको, इतरांसाठी एका वाक्यात सांगतो. टाकीतली हवा श्वासाला पुरवणारा जो रेग्युलेटर आज आपण तोंडात धरतो, त्याचा पूर्वज १९४३ साली कुस्तो आणि एमिल गान्यां या इंजिनिअरने मिळून बनवला. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायला गान्यांने एक झडप तयार केली होती. तीच सुधारून माणसाच्या श्वासाला जोडली. कुस्तोंसोबत होते फ्रेडेरिक द्युमा, ज्यांनी १९४३ मध्येच हेच उपकरण लावून समुद्रात ६० मीटरच्या पलीकडे मजल मारली होती. म्हणजे उपकरण ज्याने घडवलं तो, आणि ते ज्याने सर्वांत खोल नेलं तो, असे दोघे पाण्यात उतरणार होते. त्या काळी यांच्याहून तयारीची जोडी जगात दुसरी नव्हती. हे ध्यानात ठेवा.

दोघे दोरीने एकमेकांना बांधलेले. वजन लावलेली एक मार्गदर्शक दोरी खाली सोडलेली. वर काठावर मोरिस फार्ग, दोरीचं टोक हातात धरून. दोरीला किती झटके बसले म्हणजे काय समजायचं, हे ठरलेलं. बोलायला दुसरं साधन नाही. थंडगार पाणी, खाली मिट्ट काळोख, आणि दोघे गुहेत उतरत गेले.

आणि खाली कुस्तोंचं डोकं चालेना. आपण काय करायला आलो आहोत, तेच सुचेना. दोरीचं काय करायचं होतं? शेजारी द्युमांची अवस्था त्याहून वाईट, शुद्ध जायच्या बेतात. खोल गेल्यावर नायट्रोजनमुळे नशा चढते, हे दोघांनाही माहीत होतं, अनुभवाचं होतं. पण ही नशा वेगळी होती. कुस्तोंना एवढं कळलं की वर जायला हवं. ते दोरी धरून हाताहाताने चढू लागले, आणि दोरी सैल होऊन खालीच येऊ लागली. कारण वर फार्गना ओढ जाणवत होती, त्यांना वाटलं खालचे आणखी दोरी मागताहेत, आणि ते बिचारे इमानाने दोरी सोडत होते! खाली माणूस वर यायला धडपडतोय, वरचा माणूस त्याला आणखी खाली जायची मोकळीक देतोय. शेवटी फार्गनाच संशय आला. त्यांनी ठरवाठरवी बाजूला ठेवली आणि दोरी ओढायला घेतली. दोघे जिवंत वर आले. द्युमांना शुद्धीवर आणावं लागलं. फार्गचं त्या दिवशी जितकं कौतुक व्हायला हवं तितकं कुणी करत नाही, म्हणून मी करतो. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, खोलीची चाचणी घेताना फार्ग यांनी स्वतः प्राण गमावले.

पण झालं होतं काय? आधी वाटलं, खोलीची नशा. मग टाक्यांमधली हवा तपासली, आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघाला. टाक्या नव्या कॉम्प्रेसरवर भरल्या होत्या. त्या कॉम्प्रेसरचा स्वतःचाच धूर त्याच्या हवा ओढणाऱ्या तोंडात जात होता. म्हणजे हे दोघे ज्या घटकेला पाण्यात उतरले, त्याच्या कितीतरी आधी, काठावर, टाकी भरतानाच त्यांचा घात झाला होता.

जगातली सर्वांत तयारीची जोडी, श्रोतेहो. फिन्सने वाचवलं नसतं, पोहण्याने वाचवलं नसतं. कॉम्प्रेसरपाशी उभं राहून धूर कुठे जातोय एवढं पाहणारा एक माणूस हवा होता. इंटर्न म्हणून त्या जागी आता तुम्ही उभे राहणार आहात. तुम्ही भरलेली टाकी घेऊन, तुमचं नावही माहीत नसलेला पाहुणा खाली जाणार आहे.

थोडक्यात शास्त्र सांगतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा धुराचा वास धरतो, हा वायू धरत नाही, म्हणजे हवेला वास नाही म्हणून ती चांगली असं होत नाही. आणि दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणून ३० मीटरवर या वायूचा जोर चौपट होतो. तिथे पोचलात की पहिल्याच दिवशी विचारा, हवा कुठून ओढली जाते? तो पाइप उंच आहे का? वारा फिरला तर इंजिनचा, जनरेटरचा, शेजारी लागलेल्या बोटीचा धूर तिकडे जातो का? फिल्टर कधी बदलला, हवा शेवटची कधी तपासली, याची वही आहे का? विचारल्याचा राग येणाऱ्या सेंटरपेक्षा वही काढून दाखवणारं सेंटर बरं.

बाकीचं भराभर. मास्क स्वतःचा घ्या, चेहऱ्याला बसतो का ते दुकानात पाहून. खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा घ्या, आणि आपली जागा बोटीला दिसावी म्हणून पृष्ठभागावर सोडायचा फुगा आणि त्याच्या दोरीचं रीळ. तरंगण्याचं जॅकेट, रेग्युलेटर तिथे मिळतं, काही महिने वापरून मग काय हवं ते ठरवा. कॅमेरा पहिला महिनाभर बॅगेतच राहू द्या. हातात कॅमेरा असलेला डाइव्हमास्टर पाहुण्यांकडे पाहत नाही, माशांकडे पाहतो, आणि माशांना गाईडची गरज नसते.

विमा नीट वाचा. नेहमीच्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा नसतं, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच असतं. पुनर्दाब कक्षातले, म्हणजे डायव्हरला पुन्हा दाबाखाली ठेवून करायचे, उपचार आणि तिथवर नेण्याचा खर्च त्यात आहे का, ते शोधा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही संस्था याच कामासाठी आहे.

करारात काय लिहून घ्यायचं? "फुकट इंटर्नशिप" म्हणजे नक्की काय फुकट? अभ्यास साहित्य, प्रमाणपत्राची फी, राहणं, उपकरणं, यातलं काय त्यांचं आणि काय तुमचं? आठवड्याला सुट्टी किती? शिकवायला इन्स्ट्रक्टर ठरवून दिलेला आहे, की नुसती कामं करून घेणार? आणि शिकणं किती आठवड्यांत संपेल?

सर्दी झाली तर डाइव्ह करू नका, औषध घेऊन तर मुळीच नाही. औषधाचा असर पाण्याखाली असतानाच संपला तर वर येताना कान आणि सायनस अडकतात. त्या दिवशी टाक्या भरा.

आणि परतीचं तिकीट काढताना शेवटच्या डाइव्हचा हिशेब धरा. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहायला हवं, चोवीस राहिलात तर उत्तमच. पहाटेचं विमान असेल तर आदला दिवस पूर्ण कोरडा ठेवा, आणि तो दिवस सेंटरला आधीच कळवून ठेवा, नाहीतर तुमचं नाव बोटीच्या यादीत लागलेलं असेल.

नमस्कार.